स्टार्च व डिंक, छायाचित्रांच्या हस्तमुद्रणातील

छायाचित्राची कागदावरील प्रत हाताने तयार करताना प्रकाशसंवेदी लवण अथवा रंगद्रव्य कागदाच्या पृष्ठभागावर धरून ठेवण्यासाठी जो पदार्थ वापरला जातो त्यास बंधक म्हणतात. अंड्यातील पांढरा बलक, जिलेटीन व कलोडियन हे छायाचित्रणाच्या इतिहासातील सर्वांत परिचित बंधक होत. त्यांच्या जोडीने वनस्पतींपासून मिळणारी दोन द्रव्ये, स्टार्च व डिंक, प्रारंभापासून वापरात आहेत. बाजारी कागदाचा प्रसार झाल्यावर ती मागे पडली, परंतु हस्तमुद्रणातून ती कधीच पूर्णपणे नाहीशी झाली नाहीत. बंधकाची कामे तीन प्रकारची असतात. कागदाच्या तंतूंमधील पोकळ्या बुजवून प्रतिमा आत मुरू न देणे, हे पहिले. प्रतिमेचे द्रव्य पृष्ठभागावर चिकटवून ठेवणे, हे दुसरे. आणि स्वतःच प्रकाशाने कठीण होऊन प्रतिमा घडविणे, हे तिसरे. स्टार्चने मुख्यत्वे पहिले काम केले, तर डिंकाची ख्याती तिसऱ्या कामामुळे झाली.

ही दोन्ही द्रव्ये महाराष्ट्रात छायाचित्रणाच्या कितीतरी आधीपासून कागद, शाई व वस्त्र यांच्या कामी येत होती. दौलताबादजवळील कागजीपुरा व पुणे जिल्ह्यातील जुन्नर ही हातकागदाची जुनी केंद्रे. हातकागदाला स्टार्चयुक्त पदार्थाची खळ देऊन व नंतर गुळगुळीत दगडाने घोटून तो लेखनयोग्य केला जाई. पोथ्यांची काळी शाई काजळ व बाभळीचा डिंक एकत्र खलून बनवीत. धनगरी घोंगड्यांना चिंचोक्यांची खळ देण्याची रीत सर्वश्रुत आहे. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावाच्या परिसरात बाभूळ, चिंच व ज्वारी ही तिन्ही नित्याची आहेत. म्हणजे डिंक, चिंचोका व स्टार्च या खळीच्या तिन्ही द्रव्यांसाठी तेथे बाहेर पाहावे लागत नाही. काजळ व डिंक यांच्या या मिश्रणात क्रोमियमचे एक लवण घातले की छायाचित्र छापण्याची एक पद्धती सिद्ध होते, हे यूरोपात १८५८ मध्ये दाखविले गेले. पोथीची शाई आणि कार्बन छायाचित्र यांच्यात द्रव्यदृष्ट्या अंतर आहे ते एवढेच.

द्रव्यांचे स्वरूप : स्टार्च व डिंक ही दोन्ही बहुशर्करा वर्गातील कार्बोहायड्रेटे असली, तरी पाण्याशी त्यांचे वर्तन अगदी वेगळे असते. स्टार्च हे अमायलोज व अमायलोपेक्टिन यांच्या कणांच्या रूपात आढळते. थंड पाण्यात ते विरघळत नाही. पाण्यासह तापविल्यास कण फुगतात, फुटतात व खळ तयार होते. बटाटा व गहू यांच्या स्टार्चला यासाठी सु. ६०° से. तापमान पुरते, ज्वारीच्या स्टार्चला त्याहून अधिक, सु. ७०° से. किंवा त्यापुढे, लागते. खळ थंड होऊन काही काळ गेला म्हणजे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटतात व ती गोठून पाणी सोडू लागते. शिळी खळ ब्रशाने एकसारखी पसरत नाही, ती याच कारणामुळे. आयोडिनामुळे स्टार्चला येणारा गडद निळा रंग ही त्याची ओळख होय. या विक्रियेचा छायाचित्रकारांनी एक वेगळाच उपयोग करून घेतला : धुतलेल्या प्रतीच्या पाण्यात हायपो शिल्लक आहे की नाही हे ते स्टार्च-आयोडिनाच्या निळ्या विद्रावाने तपासत. हायपो असल्यास निळा रंग उडतो.

डिंक ही झाडाच्या सालीस इजा झाल्यावर पाझरून वाळणारी द्रव्ये होत. अरबी डिंक हा गॅलॅक्टोज, अरॅबिनोज, ऱ्हॅम्नोज व ग्लुकुरॉनिक अम्ल यांच्यापासून बनलेल्या शाखायुक्त बहुशर्करेच्या कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम लवणांचा बनलेला असतो. त्यात थोडे प्रथिनही असते. तो थंड पाण्यात विरघळतो व वजनाने जवळजवळ निम्म्या प्रमाणापर्यंत विरघळूनही विद्राव ओतता येण्याजोगा राहतो. दुसऱ्या कोणत्याही डिंकात हा गुण इतक्या प्रमाणात नाही. उत्तम अरबी डिंक सूदानातील कोर्दोफान भागातील सेनेगल बाभळीपासून मिळतो. भारतीय बाभळीचा डिंक रंगाने अधिक तांबूस असतो. धावड्याचा डिंक अधिक दाट विद्राव देतो, पण त्याचा काही भाग विरघळतच नाही. घाटांतून येणारा म्हणून त्यास व्यापारात घाटी डिंक हे नाव पडले. कराया डिंक तर विरघळण्याऐवजी फुगतो. त्यामुळे छायाचित्र-मुद्रणाच्या पुस्तकांत नुसता ‘डिंक’ असा उल्लेख आला, तरी त्या जागी कोणताही डिंक चालत नाही. एकोणिसाव्या शतकात एडन व तांबड्या समुद्रावरील बंदरांतून आफ्रिकी डिंक मुंबईस येत असे. तेथे त्याची निवड व प्रतवारी होऊन तो पुढे यूरोपास जाई आणि ‘ईस्ट इंडिया डिंक’ या नावाने विकला जाई. भारतीय म्हणून खपणाऱ्या या मालाचा बराच भाग अशा रीतीने भारतात पिकलेलाच नव्हता.

लवणकागद व स्टार्च : विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट (१८००–७७) यांनी १८३९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत लेखनाचा कागद मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवीत व त्यावर सिल्व्हर नायट्रेटाचा विद्राव लावीत. कागदात तयार झालेले सिल्व्हर क्लोराइड प्रकाशाने काळवंडे. या लवणकागदात स्वतंत्र बंधक असा नव्हताच. कागद बनविताना दिलेली खळ तेच काम करी. इंग्लंडचे कागद जिलेटिनाच्या खळीचे व यूरोप खंडातील कागद स्टार्च व राळ यांच्या खळीचे असत. एकाच विद्रावाने संवेदी केलेल्या या दोन कागदांवर प्रतिमेची छटा वेगवेगळी येते हे छायाचित्रकारांच्या लवकरच ध्यानात आले. खळ हा कागदाचा निव्वळ निष्क्रिय भाग नसून प्रतिमेच्या घडणीत ती भाग घेते, हा बोध तेथून झाला.

कमी खळीच्या कागदात चांदी तंतूंच्या आत खोल जाते व सावल्या मंद दिसतात. यावर उपाय म्हणून मीठ आरारुटाच्या पातळ खळीत मिसळून ती कागदावर पसरण्याची प्रथा पडली. आरारूट हे वेस्ट इंडीजमधील एका कंदाचे अतिशय शुद्ध व बारीक कणांचे स्टार्च असते. आपल्याकडील तवकीर हे त्याच्याशी साम्य असलेले, हळदीच्या कुळातील कंदाचे सत्त्व होय. आरारूट-कागदावरील प्रत चकचकीत नसते, परंतु प्रतिमा पृष्ठभागाजवळ राहिल्यामुळे तिचा ठसठशीतपणा वाढतो. लूई देझीरे ब्लांकार-एव्ह्‌रार (१८०२–७२) यांनी १८५० मध्ये पुढे आणलेल्या अल्ब्युमेन कागदाने या सर्वांवर मात केली. अंड्याच्या बलकाचा थर तकतकीत असे व बारीकसारीक तपशील त्यात स्पष्ट उमटत. पुढील चार दशके जगातील बहुसंख्य छायाचित्रे याच कागदावर छापली गेली. १८८८ च्या सुमारास ड्रेझ्डेन येथील एकाच कारखान्यात रोज साठ हजार अंडी फोडली जात.

टिकाऊपणाच्या दृष्टीने मात्र ही निवड फारशी शहाणपणाची ठरली नाही. बलकातील प्रथिनांत गंधक असते व त्यांचा चांदीशी संयोग होतो. तो स्थिरीकरणाने पूर्णपणे निघत नाही आणि काळाने चित्रातील पांढरे भाग पिवळे पडतात. शुद्ध स्टार्चमध्ये हा दोष नसतो. चकाकीची हौस व तपशिलाचा आग्रह यांपुढे हा विचार त्या काळी कोणी केला नाही, आणि ग्राहकांनीही तो मागितला नाही.

मुंबई इलाख्यातील प्रारंभ : मुंबईस छायाचित्र संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, भारतातील अशा संस्थांत ती पहिली होय. तिचे नियतकालिक पुढील वर्षापासून निघू लागले. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला व त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे संस्थेच्या कार्यकारी मंडळातील एक सभासद आणि कुशल छायाचित्रकार होते. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६–५८ या काळात मुंबईत प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रमालेतील प्रती प्रत्येक अंकासाठी सूर्यप्रकाशात एकेक करून छापाव्या लागल्या. छायाचित्राच्या प्रतीस छपाई म्हणण्यापेक्षा हस्तव्यवसाय म्हणावे अशीच तेव्हाची स्थिती होती.

उष्ण व दमट हवेत या व्यवसायाला विशेष अडचणी येत. चांदीचा विद्राव लावलेला कागद काही तासांतच पिवळा पडे, पावसाळ्यात खळीला बुरशी धरे, तर उन्हाळ्यात जिलेटिनाचा थर पाण्यात वितळू लागे. या शेवटच्या बाबतीत स्टार्च व डिंक यांचा दोष नव्हता. परंतु बुरशी व कीटक यांना तेच अधिक आवडतात.

डायक्रोमेट व डिंक : चांदीची छायाचित्रे फिकट होतात ही तक्रार १८५० नंतर इतकी वाढली, की लंडनच्या छायाचित्र संस्थेने १८५५ मध्ये त्यासाठी एक समिती नेमली. फ्रान्समध्ये द्यूक द ल्यूईन यांनी १८५६ मध्ये टिकाऊ छायाचित्र-मुद्रणासाठी पारितोषिक जाहीर केले. कोळशाचा काळा रंग काही केल्या उडत नाही; तेव्हा प्रतिमा चांदीऐवजी कोळशाची करता आली तर प्रश्न सुटेल, असा विचार त्यामागे होता. ही वाट ज्या शोधामुळे मोकळी झाली तो मात्र त्याच्या बराच आधी लागला होता.

स्कॉटलंडमधील मंगो पाँटन (१८०१–८०) यांनी १८३९ मध्ये दाखविले, की पोटॅशियम डायक्रोमेटाच्या विद्रावात बुडविलेला कागद प्रकाशात तपकिरी होतो. चांदीच्या तुलनेत हे लवण फार स्वस्त होते. पुढील वर्षी एदमाँ बेक्रेल (१८२०–९१) यांनी याचा उलगडा केला. हा परिणाम नुसत्या डायक्रोमेटाचा नसून कागदाला दिलेल्या खळीचा त्यात भाग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्टार्चची खळ असलेला कागद संवेदी करून प्रकाशात धरल्यावर व धुतल्यावर त्यांनी तो आयोडिनाच्या विद्रावात घातला. जेथे प्रकाश पडला नव्हता तेथील स्टार्च निळे झाले, प्रकाशित भाग मात्र तसा निळा झाला नाही. स्टार्चच्या खळीतूनच उमटलेले हे चित्र व्यवहारात फारसे उपयोगी पडले नाही. तरीही प्रकाशाने कठीण होणाऱ्या कलिलांवर आधारलेल्या पुढील सर्व मुद्रणपद्धतींचे मूळ त्यात आहे, आणि पाँटन यांच्या इतके श्रेय बेक्रेल यांच्या वाट्यास सहसा येत नाही हे योग्य नव्हे.

यातील रासायनिक प्रक्रिया पुढे स्पष्ट झाली. जंबुपार व निळ्या प्रकाशाने षट्संयुजी क्रोमियमाचे सेंद्रिय द्रव्याच्या सान्निध्यात क्षपण होते व त्रिसंयुजी क्रोमियम तयार होते. ते डिंकाच्या अथवा जिलेटिनाच्या लांब रेणूंमध्ये आडबंध निर्माण करते. असे बांधले गेलेले कलिल पाण्यात विरघळत नाही. प्रकाश जितका अधिक तितका थर अधिक कठीण होतो. प्रकाश न मिळालेला भाग पाण्याने धुऊन जातो. थरात रंगद्रव्य मिसळले असल्यास ते कठीण भागात अडकून राहते व तीच प्रतिमा होते.

टॉलबट यांनी १८५२ मध्ये डायक्रोमेटयुक्त जिलेटिनाचा उपयोग धातुपत्र्यावरील उत्कीर्णनासाठी केला. आल्फाँस प्वात्व्हँ (१८१९–८२) यांनी १८५५ मध्ये जिलेटीन, अल्ब्युमेन, डिंक इ. कलिलांत डायक्रोमेट व रंगद्रव्य मिसळण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. प्रत्यक्ष डिंक वापरून चांगल्या प्रती दाखविण्याचे श्रेय इंग्लंडमधील डॉर्चेस्टर येथील जॉन पाउन्सी यांच्याकडे जाते. त्यांनी एप्रिल १८५८ मध्ये अरबी डिंक, डायक्रोमेट व वनस्पतिजन्य कोळशाची पूड यांच्या पद्धतीसाठी एकस्व मागितले. ल्यूईन पारितोषिकाचा मोठा मान पुढे प्वात्व्हँ यांना मिळाला, पाउन्सी यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. कल्पना कोणाची व कृती कोणाची हा वाद त्या काळच्या नियतकालिकांतून बराच रंगला.

पाउन्सी यांच्या प्रतींत एक मोठी उणीव होती : गडद सावल्या व पांढरा कागद यांच्या मधल्या छटा नीट येत नसत. तिचे कारण असे, की प्रकाश थराच्या वरच्या बाजूने आत शिरतो व प्रथम पृष्ठभागच कठीण करतो. मध्यम छटेच्या जागी वरचा पापुद्रा कठीण, पण त्याखालचा, कागदाला लागून असलेला थर मऊच राहतो. धुताना तो विरघळतो व वरचा पापुद्राही त्याबरोबर निघून जातो. जोसेफ विल्सन स्वॉन (१८२८–१९१४) यांनी १८६४ मध्ये रंगीत जिलेटिनाचा थर प्रकाशित केल्यावर दुसऱ्या कागदावर उलटा चिकटवून व मागील बाजूने धुऊन ही अडचण दूर केली. कार्बन मुद्रण या नावाने त्यांची पद्धती जगभर रूढ झाली. डिंक कागदातच मुरत असल्यामुळे त्याचे असे स्थानांतर करणे शक्य नव्हते. त्यामुळे छायाचित्राच्या बाजारातून तो जवळजवळ तीस वर्षे बाजूला पडला.

नकाशे व ठोकळे : याच तीस वर्षांत डिंक व डायक्रोमेट यांचे मिश्रण सरकारी कचेऱ्यांत मात्र दररोज वापरात होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सर्वेक्षण कार्यालयात हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखाली १८५९–६० मध्ये प्रकाश-जस्तमुद्रणाची पद्धती सिद्ध झाली. पातळ कागदावर डायक्रोमेटाचा संपृक्त विद्राव व डिंकाचे पाणी यांचे मिश्रण लावून तो नकाशाच्या निगेटिव्हखाली प्रकाशित करीत. त्यावर चरबीयुक्त शाई फासून कागद धुतला की प्रकाश न लागलेला डिंक शाईसह निघून जाई व रेषा तेवढ्या उरत. ही शाई जस्ताच्या पत्र्यावर उतरवून त्यावरून हव्या तितक्या प्रती छापता येत. रेषांच्या नकाशात मधल्या छटा नसतातच. त्यामुळे ज्या उणिवेने पाउन्सी यांच्या प्रती मागे पडल्या, ती येथे बाधक ठरली नाही. भारतात कलकत्त्याच्या सर्वेक्षण खात्यातील छायाचित्र शाखेचे काम १८६६ ते १८९७ या काळात जेम्स वॉटरहाउस (१८४२–१९२२) यांच्याकडे होते. मुंबई इलाख्याचे नकाशे पुण्याच्या सरकारी प्रकाश-जस्तमुद्रण कार्यालयात छापले जात. ‘फोटोझिंको’ हा शब्द पुण्याच्या शासकीय मुद्रणालयाच्या नावात, मूळ पद्धती कालबाह्य झाल्यावरही, टिकून राहिला. महाराष्ट्रात डिंकावरील प्रकाशाच्या क्रियेचा ठळक उपयोग झाला तो कलाकृतींसाठी नव्हे, तर जमिनीच्या नोंदींसाठी व रस्त्यांच्या आखणीसाठी.

शिलामुद्रणात डिंकाचे काम अगदी उलट होते. तेथे तो प्रतिमा धरून ठेवीत नाही; दगडाच्या कोऱ्या भागावर बसून चरबीयुक्त शाईला दूर ठेवतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या व नंतर लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविलेल्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे घरोघर गेली, ती डिंकाच्या या दुसऱ्या गुणामुळे.

या दोन्ही प्रवाहांचा संगम दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्या उमेदवारीच्या काळात दिसतो. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना रतलाम येथे पाठविले. तेथे बाबूलाल वरवळकर यांच्याकडे ते तीन रंगी ठोकळे, प्रकाश-शिलामुद्रणातील स्थानांतर आणि कलोटाइप या प्रक्रिया शिकले. यांपैकी प्रत्येक प्रक्रियेच्या मुळाशी डायक्रोमेटाने संवेदी केलेले कलिल असते. कलोटाइपात जिलेटीन, ठोकळ्यांच्या कामात सरस अथवा अल्ब्युमेन, तर स्थानांतराच्या कागदात जिलेटीन किंवा डिंक. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडल्यावर फाळके यांनी स्वतःचा ठोकळे व छपाईचा कारखाना काढला आणि रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवास केला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या काळाची नोंद सहसा एका परिच्छेदात होते. परंतु १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांनी चित्रफितीचे धावन व मुद्रण घरी करण्याचे धाडस केले, त्यामागे अंधाऱ्या खोलीतील वीस वर्षांचा हा अनुभव होता.

डिंकाचे पुनरागमन : १८९४ मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात रूये-लादव्हेझ यांनी डिंकाच्या प्रती मांडल्या व छायाचित्रकारांचे लक्ष तिकडे पुन्हा वळले. रॉबेर दमाशी (१८५९–१९३६) यांनी ती पद्धती आपलीशी केली. सुट्या कॅमेऱ्यांच्या प्रसारामुळे छायाचित्र काढणे कोणालाही शक्य झाले होते, अशा वेळी छायाचित्र ही कला आहे की यांत्रिक नक्कल, हा प्रश्न या मंडळींना अस्वस्थ करीत होता. डिंकाचा ओला थर ब्रशाने, पाण्याच्या धारेने किंवा बोटानेही हलका करता येतो. म्हणजे चित्रकाराप्रमाणे हस्तक्षेप करता येतो. व्हिएन्नातील हान्स व्हात्सेक, हूगो हेनेबेर्ख व हाइन्रिख क्यून (१८६६–१९४४) यांनी मधल्या छटांच्या जुन्या अडचणीवर साधा उपाय काढला. एकाच कागदावर थर देणे, प्रकाशित करणे व धुणे ही क्रिया त्यांनी तीनचार वेळा केली. एक थर सावल्यांसाठी, दुसरा मध्यम छटांसाठी, तिसरा उजळ भागांसाठी. एडवर्ड स्टायकेन (१८७९–१९७३) यांनी प्लॅटिनमाच्या प्रतीवर डिंकाचे थर चढवून १९०४ मध्ये केलेले तळ्यावरील चांदण्याचे चित्र २००६ मध्ये सु. २९ लाख डॉलरना विकले गेले. द्रव्याचा खर्च काही आण्यांचा असावा.

जिलेटिनी पायसाचे तयार कागद व लहान कॅमेऱ्याने घेतलेल्या स्पष्ट चित्रांची आवड यांमुळे पहिल्या महायुद्धानंतर डिंकाची ही लाट ओसरली. त्याच सुमारास स्टार्चला एक अनपेक्षित स्थान मिळाले होते. फ्रान्समधील ल्युम्येअर बंधूंनी १९०३ मध्ये एकस्व घेतलेल्या व १९०७ पासून विकल्या गेलेल्या रंगीत काचपट्टीवर नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत बुडविलेल्या बटाट्याच्या स्टार्चचे कण पसरलेले असत. १ चौ. इंचात असे सु. चाळीस लाख कण असत व मधल्या फटी काजळीने भरलेल्या असत. येथे स्टार्च बंधक नाही, ते रंगीत गाळणीचे काम करते. ज्या द्रव्याला रंग नाही म्हणून त्याची निवड खळीसाठी झाली, त्याच्यावर जगातील पहिले यशस्वी बाजारी रंगीत छायाचित्र उभे राहिले.

मुद्रणाची रीत : डिंकाच्या मुद्रणासाठी १ भाग अरबी डिंक सु. २ भाग पाण्यात मलमलीच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर टांगून ठेवतात. साल व वाळू पुरचुंडीत राहते. त्यात जलरंगाचे रंगद्रव्य खलतात व पोटॅशियम डायक्रोमेटाचा संपृक्त विद्राव साधारणपणे समभाग मिसळतात. पोटॅशियम डायक्रोमेट २०° से. तापमानास १०० मिलि. पाण्यात सु. १२ ग्रॅ. विरघळते, अमोनियम डायक्रोमेट याहून पुष्कळ अधिक विरघळत असल्याने अधिक संवेदी थर देते. कागदाला आधी जिलेटीन किंवा स्टार्च यांची खळ दिलेली असावी लागते, नाहीतर रंगद्रव्य तंतूंत शिरून पांढरे भाग डागाळतात. थर वाळल्यावर चित्राच्याच आकाराच्या निगेटिव्हखाली तो उन्हात काही मिनिटे धरतात आणि नंतर कागद पालथा करून साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास तरंगत ठेवतात. शेवटी उरलेला पिवळा डाग मेटाबायसल्फाइटाच्या सौम्य विद्रावाने काढतात.

ही कृती लिहिणारे बहुतेक लेखक थंड देशांतील होते, हे भारतात लक्षात ठेवावे लागते. डायक्रोमेटयुक्त थर अंधारातही हळूहळू कठीण होतो व उष्णता आणि दमटपणा यांनी ही क्रिया वेगाने होते. तेव्हा मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लावलेला कागद संध्याकाळपर्यंत ठेवणे धोक्याचे असते. उलट, तेथील कोरड्या हवेत थर लवकर वाळतो व ऊन भरपूर मिळते, ही अनुकूलता कोकणात नाही. भारतीय बाभळीचा डिंक गाळून वापरता येतो. मात्र त्याच्या तांबूस छटेमुळे फिकट निळे व पिवळे रंग मळकट दिसतात. काळ्या व तपकिरी चित्रास ती अडचण जाणवत नाही. खळीसाठी कागदाची निवड करताना हातकागद विशेष उपयोगी पडतो. पुणे येथे १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने चिंध्यांपासून केलेल्या कागदाची परंपरा नव्याने उभी केली. वारंवार पाण्यात भिजूनही न फाटणारा असा चिंध्यांचा कागद अनेक थरांच्या मुद्रणास योग्य असतो.

चिकटवण व ऱ्हास : छायाचित्राच्या इतिहासात स्टार्चचा सर्वांत व्यापक वापर प्रतिमेच्या वर नव्हे, तर तिच्या पाठीमागे झाला. अल्ब्युमेनचा पातळ कागद वाळताना गुंडाळतो. म्हणून प्रत्येक प्रत पुठ्ठ्यावर चिकटवावी लागे. डिंक त्यासाठी टाळीत, कारण तो हवेतील आर्द्रता शोषतो व कालांतराने आंबूस होतो. अम्लामुळे चांदी फिकट होते. ताजी शिजवलेली स्टार्चची खळ हेच त्या काळी सुरक्षित चिकटवण मानले जाई. कणकेची खळ स्वस्त असली, तरी तिच्यातील प्रथिनांमुळे ती लवकर आंबते. पुस्तकबांधणीत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीस ती चालून जाते, छायाचित्राला मात्र तांब्याचे लवण घातक ठरते.

याचे महत्त्व मराठवाड्याच्या संदर्भात विशेष आहे. बीड, परभणी, औरंगाबाद इ. जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि त्या प्रदेशाचे जुने छायाचित्र-साहित्य मुख्यतः संस्थानाशी संबंधित छायाचित्रकारांचे आहे. सहाव्या निजामांनी ‘राजा’ ही पदवी दिलेले लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी सिकंदराबाद येथे छायाचित्रशाळा चालविली. १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील सरकारी छावणीत आश्रयास आलेल्या, उपासमारीने खंगलेल्या माणसांची छायाचित्रे त्यांच्या शाळेने घेतली. कागदोपत्री नोंदींत त्या दुष्काळाचे धान्याचे भाव, छावण्यांतील संख्या व मजुरीचे दर मिळतात. माणसांचे चेहरे मात्र अशा प्रतींतच उरले आहेत. अल्ब्युमेनचा पिवळेपणा, पुठ्ठ्यातील अम्ल आणि खळीच्या ओढीने येणारी कसर व वाळवी हे तिघे मिळून असे चेहरे पुसतात. घरगुती संग्रहांतील प्रतींची स्थिती तर याहून वाईट असते, कारण त्या प्रायः कणकेच्या खळीने जाड पुठ्ठ्यावर लावून भिंतीवर टांगलेल्या असतात व पावसाळ्यात भिंतीची ओल त्यांना थेट लागते.

अशा प्रती वाचविण्यासाठी संरक्षणतज्ज्ञ पुन्हा स्टार्चकडेच वळतात. गव्हाच्या पिठातून चिकाचे प्रथिन धुऊन काढल्यावर उरणारे शुद्ध स्टार्च पाण्यात शिजवून, गाळून त्याची पातळ खळ करतात व फाटलेल्या भागास मागून पातळ लांब तंतूंचा कागद लावतात. ती पाण्याच्या ओलाव्याने पुन्हा सुटते, त्यामुळे पुढे अधिक चांगला उपाय सापडल्यास आजची दुरुस्ती काढून टाकता येते. जुन्या छायाचित्राला कृत्रिम गोंद किंवा चिकटपट्टी लावू नये हा नियम याच कारणासाठी आहे.

आजचे हस्तमुद्रण : विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जुन्या मुद्रणपद्धतींविषयी आस्था पुन्हा वाढली. संगणकावरून पारदर्शक पत्र्यावर हव्या त्या आकाराची निगेटिव्ह छापता येऊ लागल्याने मोठ्या कॅमेऱ्याची गरज उरली नाही व डिंकाच्या तीन रंगी मुद्रणास नवी चालना मिळाली. पिवळा, किरमिजी व निळा असे तीन थर एकावर एक देऊन रंगीत चित्र तयार करतात. निळ्या थराच्या जागी पुष्कळदा लोहक्षारांचे नीलमुद्रण वापरतात. गोव्यात पर्यायी छायाचित्रणासाठी निघालेल्या गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी या संस्थेने अशा पद्धतींच्या कार्यशाळा घेतल्या.

डायक्रोमेटाच्या विषारीपणाकडे मात्र जुन्या पुस्तकांनी पुरेसे लक्ष दिले नव्हते. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे; त्वचेवर त्याने चिघळणारे व्रण होतात व एकदा जडलेली अधिहर्षता सहसा जात नाही. ठोकळ्यांच्या कारखान्यांतून हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्या कामगारांनी हे भोगले आहे. यूरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून पोटॅशियम, सोडियम व अमोनियम डायक्रोमेट यांचा वापर विशेष परवानगीवाचून करता येत नाही. यामुळे क्रोमियमविरहित संवेदकांचा शोध सुरू झाला असून, फेरिक अमोनियम सायट्रेटाने संवेदी केलेला डिंकाचा थर प्रकाशित करून हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या सौम्य विद्रावात कठीण करण्याची पद्धती त्यांपैकी एक आहे. घरी डायक्रोमेट वापरणाऱ्याने उरलेला विद्राव मोरीत न ओतता, मेटाबायसल्फाइट व थोडे अम्ल घालून तो पूर्ण हिरवा होईपर्यंत त्याचे क्षपण करावे, चुन्याच्या निवळीने क्रोमियमाचा साका पाडावा आणि तो साका विहिरीच्या पाण्यापासून दूर, घातक कचरा म्हणून वेगळा ठेवावा.